दातांच्या दवाखान्याची लालभडक भिंत

मी प्रोग्रॅमर. त्यामुळे मेहुण्याच्या रंगाच्या दुकानातलं एक काम चहा निवायच्या आत उरकून दाखवतो, असं मी सासरच्या सगळ्यांसमोर सांगून बसलो. आणि उरकलंही! तिथेच घोटाळा झाला.

काउंटरवर सासूबाई बसतात. डब्यांच्या चिठ्ठ्यांवरची लहान इंग्रजी अक्षरं त्यांना दिसेनात.

"जावईबापू, सगळी कॅपिटल होतील का हो?"

"झालीच समजा."

आता, कॉम्प्युटरमधला मजकूर दोन जातींचा. एकाला बदलायला गेलं की तो स्वतः तसाच राहतो आणि बदललेली नक्कल हातात देतो. दुसरा स्वतःच बदलतो. चिठ्ठ्या जिच्यावरून छापल्या जातात ती ऑर्डरची यादी या दुसऱ्या जातीची होती. आधी नक्कल काढायची म्हणजे एक ओळ जास्त लिहायची, आणि मला तर चहा गरम हवा होता. म्हणून मी मूळ यादीच कॅपिटल करून टाकली.

रंग मिसळणारं मशीनही तीच यादी वाचतं. रंगाच्या नावाचं अक्षर लहान असेल तर रंग फिकट, कॅपिटल असेल तर गडद. हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, असं बायकोचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, दातांच्या डॉक्टरांना फिकट गुलाबी द्यायचा होता. भिंत रक्तासारखी लाल झालीय. पेशंट दारातूनच परत जातायत."

हे त्याचं पहिलंच मोठं काम. डॉक्टर खूश झाले तर त्याच इमारतीचे वरचे दोन मजलेही त्यालाच मिळणार होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझी बोटं डोक्याच्या पुढे धावतात. मी अख्खी यादी लहान अक्षरांत करून टाकली. पुन्हा मूळ यादीच!

संध्याकाळी दुसरं एक गिऱ्हाईक, वकीलसाहेब, आले. त्यांच्या ऑफिसच्या भारदस्त तपकिरी दारांना बिस्किटाचा रंग चढला होता.

"मग आता पहिल्यासारखं करा ना," मेहुणा म्हणाला.

"पहिलं काय होतं, तेच आता कुठे लिहिलेलं नाही," मी पुटपुटलो.

शेवटी सासूबाईंनी खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि चाळीस गिऱ्हाइकांचे रंग धडाधड सांगितले. मी मान खाली घालून टाइप करत गेलो. एकही चुकला नाही.

डॉक्टर एका अटीवर शांत झाले: ज्याने भिंत बिघडवली त्यानेच ती नीट करायची. रविवारी मी शिडीवर चढलो. लाल झाकायला गुलाबीचे पाच हात लागले. खांदे भरून आले, केसांत रंग गेला. डॉक्टर आले, भिंतीवरून बोट फिरवलं आणि मेहुण्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलले.

मेहुणा हसत परत आला. "वरचे दोन्ही मजले मिळाले, भाऊजी!"

माझा जीव भांड्यात पडला.

"तिथेही तुम्हीच या," तो म्हणाला. "रंगकाम तुम्हाला खरंच येतं."

खोटं कशाला बोलू, माझ्या कामाचं इतकं मनापासून कौतुक ऑफिसात अजून कुणी केलेलं नाही.