शौकतभाईंची हलकी चाकं

शौकतभाईंच्या हातात काहीही दिलं की ते आधी त्याचं वजन सांगायचे. लग्नाची पत्रिका दिली तर ती उघडायच्या आधी तळहातावर तोलून ‘चाळीस ग्राम’ म्हणायचे आणि मग लग्न कुणाचं ते बघायचे. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा उचललं आणि म्हणाले, “पाच किलो दोनशे. दुपट्यासकट.” माझ्या बायकोला ते आवडलं नाही. चार दिवसांनी पोरीला डोस द्यायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी वजन केलं. पाच किलो शंभर. दुपटं घरी राहिलं होतं.

मी तेव्हा भोरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. शौकतभाईंचं पंक्चरचं दुकान आमच्या घराला लागून होतं, मधली भिंत एकच. त्यांचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आमच्या फळीवरचे डबे वाजायला लागायचे. माणूस उंच, वाळलेला, पन्नाशीच्या पुढचा. चेहरा कायम असा, की एक वाईट बातमी नुकतीच येऊन गेली आहे आणि दुसरी कापूरव्होळपर्यंत पोचली आहे.

“कसं काय, शौकतभाई?” मी सकाळी विचारायचो.

“कसं असायचं, सर. जड.”

त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ते मला पहिल्या आठवड्यातच ऐकावं लागलं आणि पुढं दर आठवड्याला ऐकावं लागलं. “भार दोन जातीचा असतो, सर. एक बसका, एक फिरता. तुमी गाडीत बसला, त्यो बसका भार. त्यो गप बसतो. चाकाचा भार फिरता. दर फेऱ्याला इंजनानं त्यो वढायचा, दर खड्ड्यात त्यो आपटायचा. बसका भार मानूस सोसतो. फिरता भार मारतो.”

मी एकदा त्यांना फिरत्या वस्तूंच्या जडत्वाचं सूत्र फळ्यावर मांडावं तसं मांडून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे पुस्तकात बी हाय तर,” म्हणाले आणि आणखीच उदास झाले. पुस्तकात काही उपाय असेल अशी त्यांना आशा असावी.

हे शास्त्र ते माणसांनाही लावायचे. स्वतःच्या मेहुण्याला ते बसका भार म्हणत. भाचीची सासू फिरता भार होती. त्यांच्या बायकोला, रझियाभाभींना, एकदा मी विचारलं की तुम्ही यातल्या कोणत्या. त्या म्हणाल्या, “म्या जॅक हाय. माझ्यावर सगळं उभं हाय.”

आता त्यांच्या गाडीविषयी. पानशेतला धरणाच्या कडेला पुण्यातल्या एका गृहस्थांचा बंगला होता. तिथल्या शेडमध्ये दोन माणसांपुरती, परदेशी बनावटीची, लाल रंगाची एक बुटकी गाडी बरीच वर्षं पडून होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. शौकतभाई तिथं ट्रॅक्टरच्या टायरचं काम करायला गेले आणि गाडीपाशी तासभर उभे राहिले. मालकांना जागा मोकळी हवी होती. ते म्हणाले, घेऊन जा. शौकतभाईंनी ती टेम्पोत घालून भोरला आणली आणि तीन वर्षं तिच्यात डोकं घातलं. मिळेल त्या गाडीचे भाग तिला बसवले. गाडी चालू झाली त्या दिवशी आम्ही दोघं तीतून बाजारात गेलो. ती इतकी बुटकी होती, की चौकात एक म्हैस आडवी आली तेव्हा तिनं खाली वाकून आम्हाला बघितलं.

“शर्यतीत घालणार काय?” लोक विचारायचे.

“न्हाई,” शौकतभाई म्हणायचे. बाकी काही सांगायचे नाहीत.

गाडी चालायला लागली तसा त्यांनी चाकांचा ध्यास घेतला. लोखंडी चाकं त्यांना सहन होईनात. पुण्यात शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडं त्यांनी हलक्या धातूच्या चार चाकांचा एक संच बघितला. अशा चाकांना आमच्याकडं मॅगव्हील म्हणतात. पुढं चार महिने त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःची चालू स्कूटर त्या माणसाला दिली आणि चार चाकं गोणपाटात गुंडाळून एसटीनं भोरला आणली. कंडक्टरनं सामान उचललं आणि पोतं रिकामं आहे समजून आपटलं, हे सांगताना ते हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हाच.

शेजारच्या धान्याच्या दुकानात काट्यावर वजन झालं. लोखंडी चाक आठ किलोला थोडं कमी. नवं चाक साडेचार. शौकतभाईंनी ते एका हातानं खांद्यापर्यंत उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. उजव्या हातानं नाही, डाव्या. मी कारण विचारलं नाही.

पंधरा दिवसांत पहिलं चाक तडकलं, किकवीजवळ, रस्त्यावर नव्यानं उघडलेल्या एका खड्ड्यात. दुसरं महिन्याभरात कापूरव्होळच्या रस्त्यावर गेलं. वेल्डिंगवाल्यानं चाक उन्हात धरून फिरवून बघितलं. “जोडून दीन,” तो म्हणाला, “पन भरवसा न्हाई. पळताना सुटलं तर मानूस जाईल.” शौकतभाईंनी दोन्ही चाकं घरी आणून खुंट्यांना अडकवली. तिसऱ्याला तर खड्डाही लागला नाही. गाडी स्वतःच्या दुकानाच्या पायरीला टेकली आणि कडेला बोटभर चीर गेली. ते पायरीवर बसून राहिले. रझियाभाभी आतून चहा घेऊन आल्या, चिरेकडं बघून तशाच आत गेल्या.

मी समजूत काढायला म्हणालो, “शौकतभाई, ही चाकं गुळगुळीत रस्त्यांसाठी केलेली. आपल्याकडं लोखंडीच बरी.”

“व्हय,” ते म्हणाले. “आपल्याकडं लोखंडीच टिकतं.”

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. गाडीला चारही लोखंडी चाकं परत बसवली होती. उरलेलं एक शाबूत मॅगव्हील, टायर काढून, पुसून चकचकीत केलेलं, हातात होतं. “वेल्ह्याला जायचंय. तुमी चाक मांडीवर घिऊन बसा,” म्हणाले. गाडीत दुसरी जागाच नव्हती. मी नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्यानं साडेचार किलोचं चाक मांडीवर घेऊन, देवाचा मुखवटा न्यावा तसा निघालो.

वाटेत त्यांनी मला मारुती नावाच्या त्यांच्या जुन्या सोबत्याविषयी सांगितलं. दोघं ऐन जवानीत हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रकची चाकं काढायघालायचं काम करत. ते गॅरेज पुढं रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. एक दिवस जॅक सरकला आणि ट्रकचं चाक मारुतीच्या उजव्या खांद्यावर आलं. तो हात मेला. मारुती वेल्ह्याला आपल्या गावी परतला. “चाक आमी दोघांनी धरलं व्हतं,” शौकतभाई म्हणाले. “माझा हात सुटला.”

मारुतीचं घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. तो ओट्यावर बाजेवर बसला होता, शौकतभाईंच्याच वयाचा, पण दिसायला दहा वर्षांनी म्हातारा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दोघांची भेट कित्येक वर्षांनी होत होती. त्यांनी एकमेकांना पाऊस, गुरं, पोरींची सासरं विचारली. मारुतीच्या बायकोनं चहा दिला. मग शौकतभाईंनी माझ्याकडून चाक घेतलं आणि मारुतीपुढं धरलं.

“डाव्या हातानं उचलून बघ.”

मारुतीनं चाक घेतलं. सहज उचललं. छातीपर्यंत नेलं, थोडा वेळ धरलं आणि बाजेवर ठेवलं.

“लई हलकं हाय,” तो म्हणाला. “मला काय करायचंय आता ह्याचं, शौकत?”

“काय न्हाई. दाखवायला आनलं.”

एवढंच झालं. चहा संपला, चाक पुन्हा माझ्याकडं आलं आणि आम्ही उठलो. मारुती म्हणाला, येत जा. शौकतभाई म्हणाले, येतो की.

परतताना मार्गासनीच्या पुढं त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

“सर, त्या दिवशी माझा हात सुटला न्हवता. म्या सोडला. चाक येताना दिसलं आन बोटं जातील म्हनून म्या सोडलं. आज त्याला त्येच सांगायचं म्हनून ग्येलतो.”

“मग आत्ता परत जाऊ,” मी म्हणालो. “काही लांब आलो नाही.”

 त्यांनी गाडी सुरू केली आणि भोरच्या दिशेनंच निघाले. मीही पुन्हा म्हणालो नाही. माझ्या दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मारुती गेला. निरोप आला तसे शौकतभाई एकटेच मातीला गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी माझ्याकडं आले, खुर्ची दिली तरी उंबऱ्याशीच बसले.

“त्याच्या बायकोला म्या सगळं सांगितलं,” म्हणाले. “ती म्हनाली, त्यास्नी ठावं व्हतं. पहिल्यापासनं. म्हनायचे, त्याच्या जागी म्या असतो तर म्या बी सोडलं असतं.”

माझी बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती पाणी आणायला आत गेली.

“एवढी वर्सं ठावं व्हतं,” शौकतभाई म्हणाले, “आन मला एकदा बी बोलला न्हाई. म्या बी न्हाई.”

 त्यांनी मान वर केली.

“सर, तुमी तिथं व्हता. त्यानं चाक हातात धरलं व्हतं तवा त्यो चाकाकडं बघत व्हता, का माझ्याकडं?”

“तुमच्याकडं,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली आणि उठून दुकानात गेले. खरं तर मी त्या वेळी मारुतीकडं बघतच नव्हतो. चहात मुंगी पडली होती, ती मी बोटानं काढत होतो.