झुळकेने घेतलेला श्वास

"पेशंटला बोटही न लावता त्याचा श्वास मोजून दाखवतो!" असं डॉक्टर नेबॉयशाने आख्ख्या इस्पितळाला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. त्याचा कॅमेरा नाकापाशी ऊब टिपायचा. श्वास सोडला की लाल डाग, घेतला की निळा! आज मोठ्या डॉक्टरीणबाई स्लावित्सा परीक्षा घेणार होत्या. पसंत पडला तर कॅमेरा वॉर्डात राहणार, नाहीतर चालला दुसऱ्या इस्पितळात.

खोली तापली की कॅमेरा गोंधळायचा, म्हणून नेबॉयशाने खिडकी उघडली. दार उघडंच होतं.

"अगं आई गं, झुळूक!" पेशंट रादिसावकाका किंचाळले. खिडकीतून दाराकडे जाणारी झुळूक माणसाचा जीव घेते, हे सर्बियात शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"काका, झुळकेने काही होत नाही."

"माझा आतेभाऊ झुळकेनेच गेला!"

"अहो, तो ट्रॅक्टरवरून पडला," त्यांची बायको देसांकाकाकू म्हणाल्या.

"पण ट्रॅक्टरच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या ना!"

नेबॉयशा हसत शेजारच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यापाशी, स्लावित्साबाईंजवळ जाऊन बसला. इकडे काका धूम पळाले! काकूंनी घरून सार्मा आणला होता, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा. तो निवू नये म्हणून त्यांनी पातेलं सरळ उशीवर ठेवलं, शालीत गुंडाळलं, वर रजई ओढली आणि नवऱ्याला शोधायला गेल्या. झुळूक आली की शालीचं टोक उडायचं आणि वाफ बाहेर यायची. झुळूक थांबली की वाफही बंद.

"वा! काय संथ लय!" पडद्याकडे बघत स्लावित्साबाई म्हणाल्या. "तरुणांना लाजवेल असा श्वास!"

नेबॉयशा टम्म फुगला.

"आणि ताप किती रे?"

"बघतो हं... सत्तर."

"सत्तर?"

"अंश."

दोघं धावत सुटले! बाईंनी रजई ओढली, शाल उडवली. पातेल्यातून भक्कन वाफ आली. तेवढ्यात दारातून काकांचा आवाज आला, "आधी ती खिडकी लावा! आणि माझ्या जेवणाला हात लावू नका!"

पण बाईंनी तोवर एक सार्मा तोंडात टाकलाच होता. त्यांनी डोळे मिटले, सावकाश चावला.

"कॅमेरा इथेच राहील," त्या म्हणाल्या. नेबॉयशाचा जीव भांड्यात पडला.

"स्वयंपाकघरात. पेशंटांना जेवण गरम मिळतं का ते बघायला!"

आता नेबॉयशा रोज पातेल्यांचे श्वास मोजतो. खिडकी मात्र आचारी उघडू देत नाही. सूपला झुळूक लागते म्हणे!