ओस्मारिनो उठणारच होता

"हातमोजे घालून कसली आलीय मारामारी!" ओस्मारिनो गरजला. "आमच्या वेळी मोजे नाहीत, फेऱ्या नाहीत, पंच तर नुसता नावाला! आजची ही पिंजऱ्यात लढणारी एमएमएवाली पोरं काय करणार, ते मी डोळे मिटून सांगतो!"

हे त्यानं ऐकवलं ते नेमकं क्लेबेरला. ब्राझीलमधल्या बेलेम शहरातल्या एका गल्लीतली तालीम आता क्लेबेर चालवायचा, आणि भिंतीवरचा ओस्मारिनोचा तरुणपणीचा फोटो काढून तिथं आरसा लावायचं त्याच्या मनात होतं.

"मग होऊन जाऊ द्या मास्तर! आज दुपारच्या तिन्ही लढतींचे निकाल आधीच सांगा. एक जरी चुकला, तर आरसा!"

"लागली पैज!"

ओस्मारिनो इतका निर्धास्त होता, त्याला कारण होतं. त्याच्या घराच्या भिंतीपलीकडे आदाउतो राहायचा, एकेकाळचा जिवलग दोस्त. त्याच्या छतावर डिश होती, त्यामुळे त्याला लढत लगेच दिसायची. ओस्मारिनोच्या टीव्हीवर मात्र इंटरनेटवरून येणारं चित्र चांगलं अर्धं मिनिट रखडायचं. शिवाय आदाउतोला गप्प बसून लढत बघताच येत नसे आणि तो ब्राझीलच्याच गड्याच्या नावानं ओरडणार, हे ठरलेलं! दोघांत चौतीस वर्षं अबोला होता. शेवटच्या झुंजीत ओस्मारिनो आडवा झाल्यावर आदाउतोनं त्याच्या वतीनं टॉवेल फेकून हार कबूल केली होती. "मी उठणारच होतो!" हे ओस्मारिनो अजून झोपेतसुद्धा बरळायचा.

दुपारी सगळे त्याच्या घरी जमले, तेव्हा वाऱ्याचं निमित्त करून तो खुर्ची घेऊन खिडकीला चिकटला. बाकीची मंडळी पंख्याच्या घरघरीत तळलेले मासे आणि असाई फळांचा गर खाण्यात दंग होती.

पलीकडून आलं, "आवळ मान! वा रे पठ्ठ्या!"

"आपला गडी आता मान आवळणार," ओस्मारिनो जांभई देत म्हणाला. आणि आवळली की!

दुसऱ्या लढतीत पलीकडून "काय ती लाथ!" आलं. ओस्मारिनोनं लाथ सांगितली, लाथ बसली. क्लेबेरचा घास हातातच राहिला. बायको झुल्मिरा तर नवऱ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकानं बघत होती.

तिसरी लढत मात्र भलतीच रटाळ निघाली. दोघे जाळीला टेकून नुसते एकमेकांना ढकलत होते. आणि एकाएकी पलीकडून रडवेला आवाज आला, "उठ रे! उठ ना! संपलं... गेलं सगळं!"

"आपला गडी पडणार!" ओस्मारिनोनं मांडीवर थाप मारली. "आत्ता! बघाच!"

सगळे बघत राहिले. अर्धं मिनिट गेलं, तीन मिनिटं गेली. आपला गडी काही पडला नाही, उलट त्यानंच समोरच्याला लोळवलं!

"आरसा!" क्लेबेर नाचायलाच लागला.

ओस्मारिनो तरातरा शेजारी गेला. "अरे गाढवा, ओरडत कुणाच्या नावानं होतास?"

आदाउतो डोळे पुसत होता. समोर जुनी कॅसेट चालू होती, आणि पडद्यावर आडवा पडला होता तो विशीतला ओस्मारिनो.

"ती लढत कंटाळवाणी होती, म्हणून ही लावली," आदाउतो पुटपुटला. "चौतीस वर्षं बघतोय रे. वाटतं, टॉवेल पडायच्या आत एकदा तरी उठशील."

ओस्मारिनोनं खुर्ची ओढली.

"पुन्हा लाव. उठणारच होतो मी. नीट बघ."

दोघांनी मिळून ती कॅसेट चार वेळा बघितली. टॉवेल पडेपर्यंत पडद्यावरच्या गड्यानं करंगळीसुद्धा हलवली नव्हती.

"आरसाच बरा," ओस्मारिनो शेवटी म्हणाला.