बगळा छाप साबणाचे पंच

थिटे आप्पा चहाचा पहिला घोट घेण्याआधी शिट्टी वाजवायचे. अगदी बारीक, कपातल्या कपात विरून जाईल एवढीच, पण वाजवायचे. शिट्टी पितळेची होती आणि गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी काळ्या दोऱ्यात अडकवलेली असायची. आंघोळीलासुद्धा आपण ती काढत नाही, असं ते सांगत. खात्री करून घेण्याचं मला काही कारण नव्हतं.

एक शिट्टी म्हणजे काम सुरू. दोन म्हणजे चहा. एक लांबलचक शिट्टी म्हणजे फाऊल, आणि फाऊल कशालाही व्हायचा. कागदाची घडी तिरकी पडली, फाऊल. कुणी कामात गाणं म्हटलं, फाऊल. एकदा गावचा तलाठी न विचारता साबणाची वडी उचलून वास घ्यायला लागला, त्यालाही आप्पांनी फाऊल दिला. तो बिचारा वडी हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होता.

हे आमचे मॅनेजर. कंपनी साबणाची. धुण्याचा साबण, बगळा छाप. मालक शेठ पुण्यात राहत आणि कारखाने दोन, एक आमचा शिरूरला, दुसरा दौंडला स्टेशनजवळ. कारखाना म्हणजे एक मोठी कढई, साचे, वड्या वाळवायच्या फळ्या आणि कागद गुंडाळणाऱ्या बाया. शिरूरच्या बायांवर मी मुख्य होते. मी मिशनच्या शाळेत शिवण शिकलेली. घडी सरळ घालता येते, एवढ्या भांडवलावर मला ती जागा मिळाली होती. माझे पती त्याच शाळेत मास्तर होते. मास्तरांच्या पगारात घर चालत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून माझ्या नोकरीचं कुणी नवल केलं नाही.

आप्पा मूळचे केंदूरचे. साबणातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणी सांगत. ते हुतुतूचे पंच होते. शेठनी एकदा कुठल्याशा जत्रेत त्यांना पाहिलं. दोन गावं काठ्या घेऊन मैदानात उतरली होती आणि या माणसानं एका शिट्टीत त्यांना आपापल्या बाजूला बसवलं. शेठना वाटलं, हा कामगारही सांभाळील. म्हणून मॅनेजर.

पंच म्हणून त्यांचं नाव मोठं होतं, पण त्या नावापायी घर गेलं होतं. गावच्याच जत्रेत, शेवटच्या डावात, सख्ख्या धाकट्या भावाचा अंगठा रेघेला लागला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. आप्पांनी पाहिलं आणि शिट्टी फुंकली. गाव हरलं. भाऊ त्या दिवसापासून बोलत नव्हता. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अबोला धरायला घरात दुसरं कुणी उरलंच नाही. आप्पा शिरूरला एका खोलीत राहायला आले. हे सगळं ते हसत सांगत आणि शेवटी म्हणत, "खेळ हाय, राग न्हाई." हे त्यांचं पालुपद होतं. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तरी हेच आणि भाताला खडा लागला तरी हेच.

एका पावसाळ्यात शेठ पुण्याहून आले. मी नव्या कागदाचा नमुना दाखवायला ऑफिसात गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं. शेठ म्हणाले, मुंबईचा साबण आता खेडोपाडी पोचतोय. आपला माल उठत नाही. दोन-दोन कढया पेटवणं परवडत नाही. दिवाळीपर्यंत धंदा दिसला नाही तर एका कारखान्याला कुलूप.

"कुठल्या?" आप्पांनी विचारलं.

"जो मागं पडेल त्या. ते तुम्ही ठरवा," शेठ म्हणाले. "तुम्ही पंच ना?"

त्या दिवशी दुपारच्या चहाला शिट्टी झाली नाही. संध्याकाळी आप्पा कारखान्याच्या अंगणात फक्कीनं रेघा मारत होते. मधली रेघ, बाजूच्या रेघा, सगळं मैदान आखून झाल्यावर कमरेवर हात ठेवून मला म्हणाले, "मार्थाबाई, सामना लावू. शिरूर आन् दौंड. दोन्हीकडं धंदा वाढला, तर शेठ कुलूप कशाला लावंल?"

"आणि सामन्यात एकजण हरेलच की," मी म्हटलं.

"खेळ हाय, राग न्हाई."

हे काही उत्तर नव्हतं. पण मला त्यांनी बायांना कुलपाचं सांगू नका म्हणून बजावलं. मान कापायची आहे म्हटल्यावर खेळतं कोण, असं त्यांचं म्हणणं. मीही सांगितलं नाही. जिंकणाऱ्या संघाला ढाल आणि पेढे, एवढंच आमच्या बायांना माहीत होतं.

गणपती उठले आणि सामना सुरू झाला. नियम हुतुतूचे. जी बाई उशिरा येईल ती बाद. जिची वडी खाली पडेल ती बाद. बाद झालेलीनं रेघेबाहेर लिंबाखाली बसायचं. संघानं एक खोकं भरलं, की बाद झालेल्यांपैकी एक जिवंत. पंधरवडाभरात काय झालं असेल? लिंबाखाली गार सावली, मिश्री लावायला मोकळा वेळ आणि वर पगार चालू. बाया हौसेनं मरायला लागल्या. "आप्पा, मला मारा की, कालपासून मी जित्तीच हाय," अशी रखमा आप्पांच्या मागे लागे. एका दुपारी मी बाहेर आले तर आत दोघी आणि लिंबाखाली अख्खा संघ. आत राहिलेल्या दोघींवर सगळ्या चिडलेल्या, कारण त्या खोकं भरत होत्या आणि एकेकीला जिवंत व्हावं लागत होतं.

मग आप्पांनी नियम बदलला. जी बाद होईल तिनं कढई घासायची. त्या दिवसापासून सगळ्या अमर झाल्या.

आप्पा एक दिवस इथे, एक दिवस दौंडला, एसटीच्या खिडकीशी बसून जायचे. दौंडला गफूरभाई मुख्य होते. साबण उकळण्यातच म्हातारे झालेले, शांत, सभ्य गृहस्थ. आप्पा तिथे जाऊन सांगत की शिरूरच्या बाया डोळे मिटून कागद गुंडाळतात. इथे येऊन सांगत की गफूरभाईंची कढई विझतच नाही. गफूरभाई एकदा साबणाला लागणारा कॉस्टिक सोडा न्यायला शिरूरला आले, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन अदबीनं विचारलं, "बाई, डोळे मिटून खरंच जमतं?" मी म्हटलं, "जांभई येते तेव्हा जमतं." ते हसले, पण दौंडला जाऊन त्यांनी कढई खरोखरच विझू दिली नाही.

सामन्याचे गुण वजनावर होते. वड्या मोजल्या तर कुणी लहान कापील, म्हणून आप्पांनी मुद्दाम वजन धरलं. गाडीवर चढणारं प्रत्येक खोकं काट्यावर जायचं. नियम त्यांना फार न्यायाचा वाटत होता. त्यांना साबणातलं काही कळत नव्हतं हे मी मघाशी सांगितलंच आहे.

ओला साबण जड असतो. साच्यातून काढलेली वडी फळीवर तीन आठवडे वाळली की मग ती साबण म्हणायची. आमच्या कढईवर सोपान होता. त्यानं तीनाचे दोन आठवडे केले. दौंडनं एक केला. मग सोपाननं सकाळी कापलेल्या वड्या संध्याकाळी माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. कागद ओला होऊन चिकटायचा. काट्यावर मात्र दोन्ही संघ असे काही चढत गेले की आप्पा रोज नाचायचे बाकी राहिले होते.

मी एक वडी घेऊन ऑफिसात गेले आणि त्यांच्यासमोर तिच्यात बोट दाबलं. बोट पेरभर आत गेलं.

"हा साबण नाही आप्पा. आपण पाणी विकतोय."

त्यांनी त्या खळग्याकडे पाहिलं. मग त्यात आपलं बोट घालून पाहिलं.

"दौंडला पण असंच?"

"तिथं याहून ओला."

त्यांचा हात शिट्टीकडे गेला. त्यांनी ती ओठापर्यंत नेली. मी वाट बघत उभी राहिले.

"दोन्ही संघांचा फाऊल झाला तर खेळ थांबतो, मार्थाबाई," ते म्हणाले. "आन् खेळ थांबला तर शेठ कुलूप घिऊन बसलाच हाय."

शिट्टी परत सदऱ्यात गेली. सख्ख्या भावाच्या अंगठ्याला ज्यानं सोडलं नाही, त्या माणसानं त्या दिवशी एक वडी कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिली. घडी तिरकी होती. मी ती सरळ केली. दुसरं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

पुढचं सगळं मांडवगण फराट्याच्या बाजारात झालं. ओला साबण दुकानात वाळला. वड्या आक्रसल्या, कागद ढिले होऊन बाहीसारखे लोंबायला लागले. वडीवर बगळ्याचा ठसा होता. वडी आटली तशी त्याची मान आटली, पाय आटले, आणि एका दुकानदारानं ती वडी भर बाजारात उंच धरून लोकांना विचारलं की ही चिमणी कुठल्या कंपनीची. लोक हसले. मग त्यानं ती तराजूत टाकली आणि लोक हसायचे थांबले. त्यानंतर जिथे जिथे खोकी गेली होती तिथून ती परत यायला लागली. आमच्या अंगणात, आप्पांच्या मैदानावर, परत आलेल्या खोक्यांची भिंत झाली.

दिवाळी झाल्यावर शेठ निकालाला आले. मोटारीतून उतरल्यावर त्यांना त्या भिंतीला वळसा घालून यावं लागलं. गफूरभाई दौंडहून आले होते. टेबलावर ढाल होती, तांबटाकडून आप्पांनी स्वतः उभं राहून करून घेतलेली. वजनात दौंड पुढे होतं.

शेठ बोलायला उठले आणि आप्पांनी शिट्टी फुंकली. लांब. बाया दचकल्या. शेठही दचकले.

"फाऊल झालाय," आप्पा म्हणाले. "दोन्हीकडनं. मी बघितला व्हता आन् फुकली न्हाई. पोरीबाळींचा दोष न्हाई. बाद व्हायचा तो पंच."

आणि ते फक्कीच्या रेघेबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचा हिशोब सरळ होता. एकजण बाद व्हायला हवा होता, तो झाला. आता कुलपाचं कारण उरलं नाही.

शेठनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "बरं, तुम्ही बाद. आणि दौंडला पहिल्या तारखेपासून कुलूप."

"दौंड तर पुढं हाय," आप्पा म्हणाले.

"दौंडची जागा मी वखारवाल्याला देऊन टाकली," शेठ म्हणाले. "पावसाळ्यातच."

म्हणजे त्यांनी आप्पांना कारखाना ठरवायला सांगितलं, तेव्हा तो ठरलेलाच होता. आम्ही नुसते पळत होतो. गफूरभाई खाली बघत राहिले. त्यांच्या पायाशी ढाल कुणीतरी ठेवली, ती त्यांनी उचलली नाही. आप्पांनी गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खेळ हाय, राग न्हाई." ते कुणाला म्हणाले ते मला कळलं नाही. शेठ तोवर मोटारीत बसले होते.

नंतर आमच्याकडे पुण्याचा एक तरुण मॅनेजर आला. त्यानं घंटा बसवली. साबण पुन्हा तीन आठवडे वाळायला लागला, पण बगळ्याला बाजारात चिमणी म्हणायचे ते म्हणायचेच. आमचंही फार दिवस चालणार नाही, हे मला दिसत होतं.

आप्पा एका कांदेवाल्याकडे राखणीला राहिले. पण अधूनमधून दुपारी जेवणाच्या सुटीत आमच्या फाटकातून येऊन लिंबाखाली बसत. आत येत नसत. फक्कीची रेघ केव्हाच पुसून गेली होती, पण ती कुठे होती हे त्यांना ठाऊक होतं. मी डबा घेऊन तिथे गेले की पाणीसुद्धा न मागता सांगत, "दौंडची सोजर जिवंत झाली. रेल्वेच्या कँटीनात लागली." पुन्हा एकदा आले की, "भागू झाली. डॉक्टरांच्यात." राखण सांभाळून हा माणूस दौंडला जात होता आणि तिथल्या एकेकासाठी दारोदार शब्द टाकत होता. कुणी हाकललं तरी आपलं पालुपद म्हणून पुढच्या दारात जात असणार. गफूरभाईंना सगळ्यात वेळ लागला, कारण त्या वयाच्या माणसाला कुणी घेईना. उन्हाळा उतरता उतरता आप्पा आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "गफूरभाई जिवंत. बारामतीला, तेलाच्या गिरणीत. दौंडचा संघ सगळा उठला, मार्थाबाई."

"चांगलं झालं," मी म्हटलं. "आता स्वतःचं बघा. तुम्हीच तेवढे बाद राहिलात."

ते हसले. हात सवयीनं गळ्याशी गेला, तिथे आता नुसती माळ होती.

"आपल्या संघानं समोरचा गडी मारला, तर आपला बाद गडी जिवंत व्हतो. नियम हाय," ते म्हणाले. "पंचाला कुठला संघ?"

आत घंटा झाली. बाया डबे आवरून उठल्या. त्यांच्यामागोमाग आप्पाही उठले, दोन पावलं चालत आले, आणि रेघ जिथे होती तिथे थांबले.