गप्प राहिला तो हरला

प्रभाकरमामांकडे जेवायला जायचं म्हणजे आधी हरायचं. मामा पटावरचे नवनवे खेळ तयार करतात आणि त्यांची चाचणी पाहुण्यांवर होते. त्यांच्या मते मी आदर्श खेळाडू. "याले समजलं म्हणजे नियम कोणालेही समजतील," असं ते माझ्या बायकोसमोर सांगतात. ती मान डोलावते.

मामांचा उरलेला जीव पत्त्यांच्या ब्रिजमध्ये. मामा आणि मेश्रामकाका ही जोडी टेबलावर आली की भले भले पानं धरून घाम पुसतात. पण एका स्पर्धेत मेश्रामकाकांनी मामांचा जिंकता एक्का हुकमानं कापला. स्वतःच्याच भिडूचा. मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "डोकं घरी ठेवून आला का गा?"

तेव्हापासून बोलणं बंद. जोडी मात्र शाबूत, कारण ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला तशीही मनाई. दर शनिवारी दोघं समोरासमोर बसतात, जिंकतात आणि न बोलता आपापल्या स्कूटरला किक मारतात.

परवा मामांनी नवा खेळ मांडला. मधे पुठ्ठ्याचा पडदा. एकाकडे रामटेकच्या गडाचा नकाशा, दुसऱ्याकडे नुसता कोरा पट आणि सोंगटी. नकाशावाल्यानं वाट सांगायची, सोंगटीवाल्यानं विचारत विचारत चढायचं. गप्प राहिला तो हरला. मी विचारायला लाजलो आणि दरीत पडलो.

"हे तुह्या बसचं काम नाही," मामा म्हणाले. "मेश्रामले घेऊन ये. चाचणी आहे म्हण. बाकी काही बोलू नको."

"तुम्हीच फोन करा ना."

"काहून? तू रिकामाच तर बसून राहिला."

मामी भाजी निवडत होत्या. "जाय बाबू," त्या हळूच म्हणाल्या. "बोलल्याशिवाय चालत नाही असा खेळ यायनं पहिल्यांदाच केला."

मी मेश्रामकाकांना त्यांच्या जरीपटक्यातल्या घरून घेऊन आलो. मामांकडे न बघता ते पडद्यापलीकडे नकाशा घेऊन बसले. मामांनी सोंगटी पायथ्याशी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी घसा खाकरला.

"कुठून जाऊ?"

"उजवीकून. दोन घरं."

"गेलो."

"आता पायऱ्या आहेत. हळू चढजो." मेश्रामकाकांनी नकाशावरचं बोट उचललं. "गुडघा दुखून राहिला का अजून?"

मी नियमांचा कागद पाहिला. असा प्रश्न त्यात नव्हता.

"दुखते," मामा म्हणाले. सोंगटी हातातच होती. "तू सकाळचं येणं बंद केलं तवापासून फिरायले जातच नाही मी."

पलीकडे नकाशाची घडी उगाच सरळ झाली.

"उद्या सहाले तयार राहजो," मेश्रामकाका म्हणाले. "आता डावीकडे वळ."