म्हादबाचं मुकं मडकं

म्हादबाने माझ्या डोक्यावर टिचकी मारली तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली होती. मी कोर्टात नक्कलनवीस म्हणून बायकोला घेऊन नगरला नुकताच आलो होतो आणि माळीवाड्यातल्या भाड्याच्या खोलीत सामान लावत होतो. शेजारचा म्हादबा दारात आला, नाव-गाव विचारलं, बोटाने माझी ट्रंक वाजवली, तांब्या वाजवला आणि मग माझं टाळकं वाजवलं.

"तांब्या बोलतोय," तो म्हणाला. "ट्रंक मुकी हाय. तळाला फाटलीय."

ट्रंक खरंच फाटली होती. डोक्याबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही, नुसती मान हलवून गेला. त्या मान हलवण्याचा अर्थ लावण्यात माझे पुढचे कित्येक दिवस गेले.

म्हादबा स्टेशनावर नोकरीला होता. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं आणि एकेक चाक ठोकायचं, हे त्याचं काम. चाक शाबूत असेल तर खणखणीत वाजतं, तडकलं असेल तर बद्द. खणखणीत वाजलं की "बोलतंय", बद्द वाजलं की "मुकं". लढाईचे दिवस होते. कॅम्पातल्या पलटणीसाठी गाड्या भरभरून येत आणि त्यातली सारी माणसं म्हादबाच्या कानाच्या भरवशावर पुढे जात.

पण ही हातोडी घरी आल्यावरही त्याच्या बोटात शिल्लक राही. लग्नाच्या पंगतीत तो आधी वाटी वाजवी, मग आमटी घेई. गल्लीतल्या मारुतीला एका शेटजींनी वाजतगाजत घंटा वाहिली, तर हा पठ्ठ्या सगळ्यांच्या देखत टोल देऊन म्हणाला, "मुकी हाय." शेटजी लालबुंद झाले. महिनाभरात घंटेला उभी चीर गेली, तरी शेटजींनी बोल लावला तो म्हादबालाच. माझ्या मते त्यांचंही काही अगदीच चुकत नव्हतं.

मला स्वतःला यातलं काडीइतकंही कळत नसे. मला सगळी भांडी सारखीच वाजत. तसं मी त्याला सांगितलं तर तो उलट खूश झाला.

"मलाबी तसंच हुतं," तो म्हणाला. "उस्तादानं सहा महिनं नुसती चाकं ठोकाय लावली. काय बी सांगितलं न्हाई. समदी येकच वाजायची. आन् येक दिस सकाळी आपसूक येगयेगळी झाली. चाकं तीच हुती, भाऊसाहेब. मी बदाललो हुतो. कान नुसतं दार हाय. आत घरातलं मानूस शानं व्हावं लागतं."

मी "असं होय" म्हणालो. दार कुठलं, घर कुठलं आणि त्यात माणूस कोण, याचा मला पत्ता नव्हता.

मग एका सकाळी तो सहा लहान मडकी घेऊन आला. एकाच्या बुडाला चुन्याची टिकली होती. ते केसाएवढं तडकलेलं होतं. त्याने मधे धोतराचा पडदा बांधला, मला पडद्याआड बसवलं आणि म्हणाला, "रोज वाजवा. क्रम बदलत ऱ्हा. मुकं कुटलं ते मी सांगतो. टिकली बगून बरूबर का चूक ते तुमी सांगा."

"पण कशासाठी?"

"सायेब वर्साला डोळं तपासतो. लाल कंदील, हिरवा कंदील. कान कुनी तपासत न्हाई. म्हनून माजा मीच तपासतो."

"मग मीच का?"

"पडदा हालला तरी तुमचं तोंड बगून काय कळत न्हाई. तुमालाच कळत न्हाई तर तोंडाला काय कळनार?"

कोर्टाची वेळ होईपर्यंत मी रोज मडकी वाजवू लागलो. दोन-तीन महिने तो बिनचूक सांगत होता. मग एका सकाळी मला चमत्कारिक वाटलं. टिकलीचं मडकं जरा वेगळं वाजतंय असा भास झाला. टिकली दिसते म्हणून तसं वाटतं, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून मडकी उलटीसुलटी केली, वाजवली आणि एकावर बोट ठेवलं. डोळे उघडले तर तेच. मी चक्रावून गेलो. तीच मडकी, तोच मी. मग हे कधी झालं आणि कुणी केलं?

ही बातमी म्हादबाला सांगायची म्हणून मी तोंड उघडणार, तोच तो पडद्यापलीकडून म्हणाला, "चवथं मुकं."

मुकं दुसरं होतं.

मी म्हणालो, "बरोबर."

का म्हणालो, मला माहीत नाही. उभ्या जन्मात मी नकलेत काना-मात्रा बदलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चुकला, मी पुन्हा बरोबर म्हणालो. आठवडाभर हेच चाललं. स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली की हातातली नक्कल सोडून मी गाडी नीट पुढे गेल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन बसे.

अक्षय्यतृतीया आली. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याने भरलेला मातीचा कऱ्हा पुजायचा असतो. गल्लीतल्या बायका आपापले कऱ्हे आदल्या दिवशी म्हादबाकडून वाजवून घेत. त्याशिवाय कुणी पूजेला ठेवत नसे. आमच्या हिचा कऱ्हा त्याने वाजवला आणि म्हणाला, "बोलतोय, वहिनी." मी शेजारीच उभा होतो. कऱ्हा चक्क बद्द वाजला होता. मी गप्प राहिलो.

सकाळी पूजेच्या पाटाखाली पाण्याचं थारोळं होतं. हिचे डोळे भरून आले. म्हादबा आला, त्या थारोळ्यात बोट बुडवलं आणि माझ्या तोंडावर जराही नवल नाही हे बघत राहिला.

"तुमाला काल कळलं हुतं."

मी मान खाली घातली.

"मडक्यांच्या बाबतीतबी?"

"हो."

"किती दिस?"

"आठवडा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "चाक असतं तर, भाऊसाहेब?" एवढंच तो म्हणाला आणि तसाच स्टेशनावर गेला. साहेबाला आपणहून सांगून त्याने हातोडी ठेवली. त्याला कंदिलांच्या काचा पुसायला बसवलं.

मला वाटलं, आता हा माझं तोंड बघणार नाही. पण त्याच रविवारी तो मला ओढून स्टेशनावर घेऊन गेला. नवा माणूस चाकं ठोकत होता आणि म्हादबा हातोडीकडे टक लावून उभा होता.

"कसं वाजतंय?" त्याने विचारलं.

"बोलतंय."

"आन् ह्ये?"

"हेही बोलतंय."

त्याचा चेहरा सैल झाला. मग तो म्हणाला, "पैल्या दिशी तुमचं डोस्कं वाजवलं हुतं. ध्येनात हाय?"

"आहे. काय निघालं होतं?"

"रिकामं," तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं, जागा हाय. मला पोर ना बाळ. मला ऐकू येतंय तवर ही पारख दुसऱ्या कुनाच्या तरी आत ठिवून द्यावी."

म्हणजे ती मडकी त्याच्या कानासाठी होती की माझ्या? मी विचारणार होतो, पण तेवढ्यात नवा माणूस पुढच्या डब्यापाशी पोचला. म्हादबाने माझा दंड धरला आणि मी डोळे मिटून ऐकू लागलो.