बस किती वेळा उलटली?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. टीव्ही चालू होता. कुठल्यातरी घाटात बस उलटली होती, आणि बातम्यांत ती सकाळपासून उलटतच होती. माझी बायको बातम्या देणाऱ्या पोरीला म्हणाली, "ए, खाली बस. तुझं सांगून झालं." पोरगी काही बसली नाही. मग बायकोनं खडू उचलला आणि टीव्हीच्या कडेला रेघ मारली. चाळिसावी.

टीव्हीला वर्गातल्या पोरासारखं वागवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी तिच्याबरोबर अडतीस वर्षं काढली.

ती सातपूरला शाळेत शिकवायची. सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून मीही बाईच म्हणायचो. लग्न झालं तेव्हा ती सातवी पास, मी तिसरी. ती पुढं शिकत गेली, मी टेम्पो चालवत तिथंच राहिलो. पिंपळगावचा फाटा मी पाटी वाचून नाही, चिंचेचं झाड बघून ओळखायचो. बाईला त्याची लाज नव्हती, राग होता. मी वाचायला शिकावं हा तिचा एकच हट्ट. एकदा पाटी-पेन्सिल पुढ्यात ठेवली. मी म्हणालो, "चाळिशीत ग म भ न गिरवू? लोक हसतील."

"कशावरून?"

हे तिचं हत्यार. काशिनाथ गवळी म्हणाला दूध शुद्ध आहे, की "कशावरून?" पुढारी म्हणाला विकास झाला, की "कशावरून?" भटजींनाही सोडलं नाही. मी मात्र पाटी पलंगाखाली ढकलली, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

घरासमोरच्या चौकात मंडळाचा फळा होता. त्यावर कोण वारलं तेवढंच लिहायचे. बाई म्हणाली, "म्हणजे या चौकात लिहिण्यासारखं काही व्हायला माणूस मरावाच लागतो?" दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी त्यावर एक प्रश्न लिहायला लागली, आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेल्यावरून. अक्षर वीतभर. कुणी वारलंच, तर ते प्रश्नाच्या खाली.

केबल नवी होती तेव्हा तिनं लिहिलं, 'ही क्रीम सहा आठवड्यांत गोरं करते म्हणतात. खरं-खोटं कसं तपासाल?' पोरांनी आयांच्या ट्यूबा पळवल्या आणि काशिनाथच्या म्हशीच्या कपाळाला फासल्या.

काशिनाथ बोंबलत आला. "बाई, ह्ये काय शिक्षण हाय का? बाकीच्या म्हशी तिला चाटत्यात!"

"सहा आठवडे थांब. मग बघू."

"आन् गोरी झाली तर?"

"तर गाय म्हणून वीक."

सहा आठवड्यांनी तिनं ती म्हैस खरंच चौकात उभी केली आणि पोरांकडून निकाल लिहून घेतला.

पुढं लेकीनं मोबाईल दिला. त्यावर मेसेज आला, हा अकरा जणांना पाठवा, नाहीतर तेरा दिवसांत घरात वाईट घडेल. बाईनं फळ्यावर लिहिलं, 'पाठवला नाही. दिवस पहिला. बाई जिवंत.' मग दिवस दुसरा, दिवस तिसरा. लोक दूध घ्यायच्या आधी फळा बघायचे. तेराव्या दिवशी, 'बाई ठणठणीत. शिरा खायला या.'

मी रोज जेवताना त्या फळ्यावरून भांडायचो. "म्हशीची कशाला बदनामी?" "मरणाची चेष्टा करतेस होय?" ती हसायची आणि एका वहीत काहीतरी टिपायची. मला वाटायचं, शाळेचं असेल.

त्या संध्याकाळी वाटाणे संपले. ती म्हणाली, "उद्याचा प्रश्न ठरला." वहीत लिहिला. पातेलं उचलून उठली आणि तशीच खाली बसली. वाटाणे घरभर झाले.

मीच टेम्पोतून दवाखान्यात नेलं. काशिनाथ मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टर कोवळा पोरगा होता. म्हणाला, "गेल्या."

मी म्हणालो, "कशावरून?"

तो चिडला नाही. त्यानं तिचं मनगट माझ्या हातात दिलं. मी बराच वेळ धरून उभा राहिलो. मग कळलं.

परत येताना काशिनाथ हळूच म्हणाला, "भाऊ, त्या मेसेजमुळं तर नसंल?"

"तुला दूध घालता येतं, तेवढंच कर," मी म्हणालो. तो रडायला लागला, आणि मी टेम्पो चालवत राहिलो.

लेक मुंबईहून यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दहाला न्यायचं ठरलं. सकाळी काशिनाथ आला. "फळ्यावर लिवायला लागंल. पेंटरला बोलवू?"

"नको."

खडूसाठी मी तिची पिशवी उपसली. त्यात ती वही निघाली. दर पानावर एक प्रश्न, आणि शेजारी बारीक अक्षरात माझी हजेरी.

'यांनी वाचलं. भांडले.'

'वाचलं नाही. पहाटेच पिंपळगावला गेले.'

'अर्धंच वाचलं. अर्धंच भांडले.'

'पूर्ण वाचलं. जेवण टाकून उठले. छान.'

कपाटात अशा पंधरा वर्षांच्या वह्या होत्या. चौकातली पोरं तर बारीक अक्षरही वाचत होती. वीतभर अक्षर कुणासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं. वाचल्याशिवाय मी भांडणार कसा?

शेवटच्या पानावर प्रश्न होता, शेजारची जागा कोरी.

मी फळा पुसला. आधी तिचा प्रश्न उतरवला. 'एक बस टीव्हीवर चाळीस वेळा उलटली. खरी किती वेळा उलटली?' मला अर्धा तास लागला. त्याच्याखाली लिहिलं, 'बाई काल गेली. दहा वाजता नेणार.' ओळी खाली उतरत गेल्या. माणसं जमली होती.

आत बाईला निजवलं होतं, दार उघडं होतं. मी फळ्याकडं तोंड केलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागलो, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.